इमानी आवाजाची किंमत

एप्रिल १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक चमत्कारिक मैफल झाली. मंचावर मारी रॅपोल्ड ही मेट्रोपॉलिटन ऑपेराची गायिका उभी होती, आणि तिच्या जोडीला होते थॉमस एडिसनच्या कारखान्यात तयार झालेले एक ध्वनियंत्र. अशा मैफिलींना एडिसनची कंपनी 'टोन टेस्ट' म्हणत असे. आपण त्यांना सूरपरीक्षा म्हणू. १९१५ पासून पुढची दहा वर्षे अमेरिकेच्या गावोगावी या परीक्षा झाल्या आणि त्यांचा साचा बहुधा ठरलेला असे. गायिका यंत्रासोबत गाई, मध्येच ओठ मिटून घेई, यंत्र तेच गाणे पुढे नेई. मग सभागृहातले दिवे मालवले जात. अंधारात गाणे चालूच राही आणि दिवे पुन्हा लागले की गायिका मंचावर नसे. ती केव्हा निघून गेली हे कोणालाही कळलेले नसे. श्रोते टाळ्या वाजवत, दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्र लिही की जिवंत गळा आणि यंत्र यांत फरक करणे अशक्य झाले, आणि त्या आठवड्यात गावातल्या दुकानदाराची यंत्रे खपत.

ती यंत्रे आजही संग्रहालयांत आणि छांदिष्टांच्या घरी चालू स्थितीत आहेत. कोणीही ऐकून पाहावे. त्या काळचे ध्वनिमुद्रण विजेवाचून, केवळ कर्ण्याच्या आणि पडद्याच्या बळावर होत असे, आणि त्यात ढोबळमानाने दर सेकंदास अडीचशे ते अडीच हजार कंपनांच्या पट्ट्यातले स्वर तेवढे उमटत. खाली खर्ज नाही, वर सकारासारख्या व्यंजनांची धार नाही. आज कोणाही शाळकरी मुलाला अंधारात बसवले तरी तो क्षणार्धात सांगेल की हा डबा बोलतो आहे. मग कार्नेगी हॉलमधली माणसे बहिरी होती काय? (बहिरेपणाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकू की जवळजवळ बहिरा होता तो खुद्द एडिसन. आपल्या कंपनीसाठी गायक निवडण्याचे काम मात्र तो हट्टाने स्वतःकडे ठेवत असे.)

या कोड्याचा अर्धा उलगडा १९७२ मध्ये झाला. ॲना केस ही गायिका त्या सूरपरीक्षांतली एक प्रमुख परीक्षार्थी. वृद्धापकाळी दिलेल्या एका मुलाखतीत तिने मोकळेपणाने सांगितले की मोठ्याने गायले असते तर यंत्र मागे पडले असते, म्हणून आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा करून गात होतो. यंत्राने माणसाची हुबेहूब नक्कल केली अशी सर्वांची समजूत, आणि प्रत्यक्षात नक्कल माणूस यंत्राची करत होता! उलगड्याचा उरलेला अर्धा भाग श्रोत्यांच्या मनात आहे. ज्यांनी त्याहून चांगले यंत्र कधी ऐकलेच नव्हते त्यांच्या कानांना काय उणे आहे हे शोधण्याची सवय नव्हती, आणि ज्यांना आधीच सांगून ठेवले होते की फरक कळणार नाही त्यांना तो कळला नाही.

त्या यंत्राची किंमतही ध्यानात घ्यावी. एडिसनचे 'सी-२५०' हे गाजलेले मॉडेल नावाप्रमाणे अडीचशे डॉलरला मिळे. १९१६ च्या ऑगस्टमध्ये फोर्डची 'मॉडेल टी' मोटार ३६० डॉलरला मिळू लागली होती. म्हणजे चार चाकांच्या मोटारीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक पैसे मोजून माणसे एक कपाट घरी आणत होती, आणि ते पैसे सार्थकी लागले अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती. नऊ वर्षांनी, १९२५ मध्ये, विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले, स्वरांचा पट्टा दोन्ही बाजूंनी रुंदावला, आणि ती खात्री एका रात्रीत हास्यास्पद ठरली.

हा सगळा इतिहास आम्हांला आठवण्याचे कारण एक स्नेही आहेत. महाविद्यालयात मराठी शिकवतात, संगीताचे वेड आहे, निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. त्यांनी अलीकडे आम्हांला विचारले, "भविष्यनिर्वाह निधीतून थोडी रक्कम काढून एक चांगला संच घ्यावा म्हणतो. स्पीकर, ॲम्प्लिफायर, टर्नटेबल, सगळे उत्तम. पैसे वसूल होतील का?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र आम्हांला चटकन देता आले नाही. उत्तम संच म्हणजे कोणाशी इमान राखणारा संच, इथेच आम्ही अडखळलो. 'हाय फिडेलिटी' या शब्दांतले 'फिडेलिटी' म्हणजे निष्ठा. निष्ठा म्हटली की ती कोणावर, हा प्रश्न आलाच. गायकाच्या गळ्यावर, मैफिलीवर, तबकडीवर, की आपल्या मनातल्या आठवणीवर? ज्यांचा जन्म पाठभेद जुळवण्यात जातो अशा मंडळींना हा प्रश्न अनोळखी वाटू नये.

आपल्याकडे या इतिहासाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग सामानसुमान घेऊन आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारते ते पुष्कळांनी ऐकले असेल. त्यात नखरा असेलही, पण मुळात ती कारखान्याची सोय होती. मुद्रणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना कोणती चकती कोणाची हे कळावे म्हणून नाव पुकारायचे. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची वारी संपली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तास-दीड तास एक राग मांडणाऱ्या गवयाने तेवढ्यात काय करावे? कित्येकांनी पाठ फिरवली. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते. या दोघांची एकही तबकडी निघाली नाही. मराठी माणसाने आपल्या संगीताविषयी अभिमानाने जे जे म्हणून सांगावे त्याच्या मुळाशी ही दोन नावे आहेत, आणि ती दोन्ही आपल्यासाठी मुकी आहेत. जगातला कोणताही संच, कितीही किमतीचा, हे मौन फोडू शकत नाही. किमतीच्या चर्चेत हा मुद्दा आम्हांला सर्वांत आधी ठेवावासा वाटतो.

ज्यांनी तीन मिनिटांचे आव्हान पत्करले त्यांत अब्दुल करीम खाँसाहेब. त्यांच्या एका ठुमरीची तबकडी गदगमध्ये एका दुकानात वाजत असताना एका शाळकरी पोराने ऐकली आणि असे गाता आले पाहिजे म्हणून तो घर सोडून पळाला. ही हकीकत पंडित भीमसेन जोशी स्वतः अनेकदा सांगत, आणि ती इतक्यांनी इतक्या वेळा लिहिली आहे की आता तिला पुराणकथेचे रूप आले आहे. आम्हांला त्या कथेतल्या एका उपेक्षित पात्राविषयी बोलायचे आहे, ते म्हणजे दुकानातले यंत्र. चावीचा ग्रामोफोन, पोलादी पिन, पत्र्याचा किंवा लाकडी कर्णा, रस्त्यावरची वर्दळ. आजच्या कोणत्याही मोजपट्टीने ते यंत्र नापास होईल, आणि त्याच यंत्रातून जे पोहोचले ते एक आयुष्य घडवायला पुरेसे ठरले. त्याच सुमारास बेळगावकडचा शिवपुत्र नावाचा दुसरा एक मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी जशीच्या तशी उतरवून दाखवत होता आणि त्या करामतीच्या जलशांना गर्दी लोटत होती. पुढे तो मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे शिकायला आला. त्याला आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मराठी श्रोत्याचा कान ज्या दोन गळ्यांनी घडवला, त्या दोघांच्या बालपणी अशी चावीची खोकी उभी आहेत.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मग यंत्राने काहीच बिघडत नाही, खोक्यावर ऐका आणि भविष्यनिर्वाह निधी सांभाळा. आम्हांला तसे म्हणायचे नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच दोन काळांतल्या तबकड्या आहेत: एक संच १९०५ च्या सुमाराचा, कर्ण्यात तोंड घालून गायलेला, दुसरा १९३० नंतरचा, मायक्रोफोनसमोरचा. पहिल्यात आवाजाची बाह्यरेषा आहे. दुसऱ्यात श्वास आहे, स्वर लागतानाची ती सुप्रसिद्ध हळुवार आस आहे. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत गायक बदलला हे खरे, पण यंत्रही बदलले, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो. म्हणजे यंत्राने फरक पडतो. मात्र तो फरक ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राचा आहे. जे कोरले गेले नाही ते वाजवणाऱ्या यंत्राने कोठून आणावे? पुढे दीर्घकाळ वाजणारी एल.पी. तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत निघाली, यथावकाश आपल्याकडे आली, आणि आमीर खाँसाहेबांचा मारवा एका बाजूस व दरबारी दुसऱ्या बाजूस असे ऐकता येऊ लागले. तेव्हा ख्यालाच्या श्रोत्याला जे लाभले ते आवाजाच्या निर्मळपणाहून मोठे होते. त्याला वीस मिनिटांचा अवधी लाभला, आणि विलंबित पहिल्यांदाच घरी आले.

हाय-फायचे युग म्हणून जे ओळखले जाते ते याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत उगवले, आणि गंमत अशी की त्याने एडिसनचा खेळ जसाच्या तसा उचलला. स्पीकर बनवणारे जी. ए. ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो लोकांसमोर जिवंत वादन आणि मुद्रित वादन यांची तुलना घडवली. पुढच्याच वर्षी त्यांनी ती कार्नेगी हॉलमध्ये नेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत एडगर विल्चर यांनी वाद्यचौकडी आणि आपले स्पीकर यांचा असाच पाठशिवणीचा खेळ ठिकठिकाणी केला. ही माणसे एडिसनपेक्षा पुष्कळ सरळ होती आणि त्यांची यंत्रेही खरोखर चांगली होती. विल्चर यांनी लहानशा बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला हा तर या विद्येतला मोठाच टप्पा. पण १९६० नंतर वारे फिरले. १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' आणि १९७३ मध्ये 'द ॲब्सोल्यूट साउंड' ही नियतकालिके निघाली. मोजमापांचे आकडे बाजूला ठेवा, आम्ही कानाने ऐकून सांगतो, ही त्यांची प्रतिज्ञा. दुसऱ्याच्या नावातच सिद्धान्त आहे: खऱ्या जागी, खऱ्या वाद्यांचा, ध्वनिवर्धकाविना होणारा आवाज हा निरपेक्ष मानदंड, आणि प्रत्येक यंत्र त्याच्याशी ताडून पाहायचे. हळूहळू या परीक्षणांची एक भाषा तयार झाली. ॲम्प्लिफायरला 'ऊब' असते, केबलमुळे 'पडदा दूर होतो', खर्ज 'भरदार पण संयमी' असतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी रसास्वादाचे पेपर तपासले आहेत त्यांना ही भाषा घरची वाटेल. आमची तक्रार विशेषणांबद्दल नाही, ती आम्हीही वापरतो. कवितेबद्दल असे लिहिताना कविता समोर छापलेली असते, वाचणारा पडताळून पाहू शकतो. इथे विशेषण वाचून माणूस खिशात हात घालतो.

पडताळा पाहण्याचे प्रयत्न झाले, आणि ते इतिहासात नोंदलेले आहेत. १९७८ मध्ये इंग्लंडात जेम्स मॉयर यांनी एकाच कंपनीचे तीन पिढ्यांमधले ॲम्प्लिफायर (एक व्हॉल्व्हवर चालणारा, दोन ट्रान्झिस्टरचे) जाणकारांना नाव न सांगता ऐकवले. कोणता कोणता हे त्यांना ओळखता आले नाही. जानेवारी १९८७ च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने अमेरिकेत तोच प्रयोग अधिक निष्ठुरपणे केला. एका टोकाला सुमारे २२० डॉलरचा साधा रिसीव्हर, दुसऱ्या टोकाला बारा हजार डॉलरची व्हॉल्व्हची जोडी. ऐकणाऱ्यांत या भेदांवर श्रद्धा असलेले होते तसेच नसलेलेही होते. दोघांचीही उत्तरे नाणे उडवून मिळतील तितकीच, म्हणजे निम्म्याच्या आसपास, बरोबर आली. ॲम्प्लिफायर नीट बनवलेला असेल आणि त्याच्या ताकदीबाहेर ताणला नसेल, तर तो दुसऱ्या नीट बनवलेल्या ॲम्प्लिफायरपासून ओळखू येत नाही, असे या प्रयोगांतून निघते. केबलींबद्दल तर बोलायलाच नको. विजेचा प्रवाह तांब्यातून जाताना तार विकत घेताना किती पैसे पडले हे विचारत नाही.

मग दुकानात फरक ऐकू येतो तो कसा? आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या एका दुकानात (नाव घेण्याचे कारण नाही) आम्हांला दोन संच ऐकवले गेले. दुसरा, दुप्पट किमतीचा, स्पष्टपणे सरस वाटला. तबल्याचा बायाँ भरून आला, तानपुरे झंकारू लागले. आम्ही जवळजवळ मान डोलावली होती. सोबत आमचा भाचा होता, इंजिनियरिंगचा विद्यार्थी. त्याने विचारले, "मामा, आवाज वाढवला का हो त्यांनी?" विक्रेत्याने हसून बटण मागे फिरवले आणि सरसपणाचा बराचसा भाग बटणाबरोबर मागे गेला. माणसाच्या कानाचा हा जुना दोष आहे: आवाज किंचित मोठा झाला, एवढा किंचित की तो मोठा झाला हे कळू नये, तर त्याला तो मोठा न वाटता चांगला वाटतो. म्हणूनच रीतसर परीक्षेत दोन्ही बाजूंचे आवाज डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत जुळवून घेतात. दुकानात ते कोण करणार? आणि खरे सांगायचे तर भाच्याने तोंड उघडले नसते तर आम्हीही केले नसते. आम्हांला तो संच आवडायला हवा होता.

या 'हवा होता'चे मोजमापही झालेले आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर. हे श्रोते ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतले नोकर, म्हणजे अगदीच अडाणी नव्हेत. स्पीकर डोळ्यांना दिसू लागताच भव्य आणि महागड्यांचे गुण वाढले आणि स्वस्त, चिमुकल्या संचाचे घसरले. पडद्याआड त्यानेच चांगली झुंज दिली होती. हा प्रयोग आपल्या सर्वांच्या फजितीचा म्हणून सांगितला जातो, पण त्याची दुसरी बाजू आम्हांला अधिक मोलाची वाटते. टूल यांनी कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे अमेरिकेत वर्षानुवर्षे केलेल्या कामातून दिसले की पडद्याआड बसवल्यावर निरनिराळ्या वयांच्या, निरनिराळ्या सवयींच्या माणसांची स्पीकरविषयीची मते आश्चर्यकारकरीत्या जुळतात. ज्या स्पीकरचा आवाज सगळ्या स्वरांना समान न्याय देतो आणि समोर पडतो तसाच कडेलाही पडतो, तो बहुतेकांना आवडतो. म्हणजे स्पीकरस्पीकरांत खरा फरक आहे, तो ऐकू येतो, आणि ऐकणारे त्यावर एकमत होतात. फक्त तो किमतीच्या चिठ्ठीबरोबर चालत नाही.

तेव्हा स्नेह्यांना आम्ही दिलेले उत्तराचे पहिले टिपण असे होते: पैसा घालायचा तर स्पीकरवर घाला, आणि त्याहून अधिक खोलीवर घाला. उघड्या फरशीच्या, चार भिंती नागड्या असलेल्या आपल्या दिवाणखान्यात लाखाचा स्पीकरही घुमेल. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेली मांडणी हे त्यावरचे औषध आहे. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी निदान हे शेवटचे साहित्य फुकट असते.

ते एवढ्याने ऐकणारे नव्हते. त्यांनी नियतकालिकांचाच मानदंड पुढे केला. "पण मूळ आवाजाच्या जवळ जायचे तर?" इथे मराठी श्रोत्याची जी पंचाईत होते ती कार्नेगी हॉलमध्ये बसणाऱ्याची होत नाही. आपल्या मनातला मूळ आवाज कोणता? पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. मंडपात दूरवर, भारतीय बैठकीवर बसून दोन-तीन पिढ्यांनी जे गाणे ऐकले ते मायक्रोफोनमधून जाऊन ध्वनिवर्धकातून आलेले होते. कर्णे कधी किंचाळले असतील, गारठ्यात तानपुरे उतरले असतील, आणि त्या सगळ्यासकट ती त्यांची अस्सल मैफल आहे. त्याआधीच्या पिढीचे अस्सल गाणे आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर आले. वरचे स्वर छाटलेले, पावसाळ्यात खरखरीने भरलेले. ध्वनिवर्धकाविना, हाताच्या अंतरावर गवई बसलेला अशा खासगी बैठकीत ज्यांनी गाणे ऐकले ते भाग्यवान तेव्हाही थोडे होते. निरपेक्ष मानदंड म्हणून त्या बैठकीला स्मरायचे तर स्मरावे, पण त्यासाठी ती ऐकलेली हवी. नपेक्षा आपण न पाहिलेल्या मूळ हस्तलिखिताशी छापील प्रत ताडून पाहण्याचा आव आणतो.

मूळ प्रतीच्या आवाचे एक उदाहरण तर ताजेच आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघा अमेरिकनांनी दाखवले होते की सीडीहून सूक्ष्म समजल्या जाणाऱ्या महागड्या ध्वनिमुद्रणाला मध्ये साध्या सीडीच्या दर्जाच्या चाळणीतून काढले तरी ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नाही. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर. त्यावर रसिकांचे म्हणणे असे की खरा रस डिजिटलमध्ये नाहीच, तो अखंड ॲनलॉग तबकडीत आहे. या मताच्या लोकांची आवडती कंपनी म्हणजे 'मोबाइल फिडेलिटी'. निष्ठा इथेही नावातच. मूळ फितीवरून थेट कोरलेल्या म्हणून तिच्या तबकड्यांना मान होता, आणि काहींची किंमत सव्वाशे डॉलर होती. २०२२ च्या उन्हाळ्यात उघडकीस आले की २०११ पासून यांतल्या पुष्कळ तबकड्यांच्या घडणीत मध्ये एक डिजिटल पायरी होती. रसिकांचा संताप झाला, दावे झाले, भरपाई ठरली. आम्हांला मात्र फसवणुकीपेक्षा मधली अकरा वर्षे विचारात पाडतात. त्या अकरा वर्षांत जगातले सर्वांत तिखट कान त्याच तबकड्या लावून ॲनलॉगची ऊब अनुभवत होते, आणि ती ऊब त्यांना खरोखर जाणवत होती.

यावर हसणे सोपे आहे. पण हे हसणे आमच्यावर उलटते. आमच्याकडे तुकारामांच्या गाथेच्या तीन प्रती आहेत, आणि त्यांतली कापडी बांधणीची, जाड कागदाची जी प्रत आहे तीच हातात घ्यावीशी वाटते. अभंग तिन्हींत तेच. मग जाड कागदाचे सुख खोटे काय? ते सुख खरे आहे, तोवर आम्ही त्याला कागदाचे सुख म्हणतो. जाड कागदामुळे पाठ शुद्ध झाला असे म्हणू लागलो की आम्ही लबाड झालो. स्नेह्यांच्या संचाबाबत आमचा आग्रह एवढाच होता. चकाकणाऱ्या व्हॉल्व्हचा मंद उजेड, जड बटणाची फिरकी, तबकडीवर हळूच उतरणारा हात यांसाठी पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत. माणसे घड्याळासाठीही देतात. फक्त त्यामुळे भीमसेनांचा षड्ज अधिक खरा लागला असे म्हणू नये.

पाठशुद्धीचा खरा खर्च दुसरीकडेच आहे, आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही. आमच्या वडिलांच्या मागे शंभरएक जुन्या तबकड्या राहिल्या. नाट्यगीते, भजने, थोडे ख्याल. बरीच वर्षे आम्ही त्या घरच्या रेकॉर्ड-प्लेअरवर लावून "खूप खरखर आहे" म्हणून ठेवून देत होतो. पुढे एका जुन्या संग्राहकाने चूक दाखवली. ७८ ची खाच एल.पी.च्या खाचेपेक्षा पुष्कळ रुंद असते. एल.पी.ची बारीक सुई, इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपासची, तिच्यात घातली की ती तळाशी साचलेल्या धुळीत रखडत जाते. तिथे गाणे नसतेच, असते ती फक्त खरखर. सुमारे तिप्पट जाडीची सुई भिंतींना टेकून चालते आणि गाणे भिंतींवर कोरलेले असते. एवढी एक सुई बदलल्यावर जो फरक पडला तो कोणत्याही पडद्याआडून, कोणत्याही नाणेफेकीशिवाय ओळखता आला असता. शिवाय तबकडी नीट धुवावी लागते, आणि तीही पाण्याने. स्पिरिट लावले तर लाख विरघळते. जुन्या मुद्रणांच्या बाजारात निघालेल्या कित्येक सीडींवर मात्र खरखर काढण्याच्या उत्साहात वरचे स्वर सरसकट पुसलेले आढळतात आणि गळा ब्लँकेट पांघरून गातो. खरखरीसकट मजकूर टिकवणारी प्रत आणि गुळगुळीत करून मजकूर खाणारी प्रत, यांतली ग्राह्य कोणती हे पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला शिकवतात. केसरबाई केरकरांची एक तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोबत सुई आणि तबकडी किती गतीने फिरवायची याच्या खुणाही पाठवल्या आहेत. परग्रहावरच्या श्रोत्याची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी आपल्या जिल्हा ग्रंथालयांच्या कपाटांतल्या तबकड्यांची घेतली जावी असे वाटते.

गतीच्या खुणांवरून आठवले. ७८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या, विशेषतः आरंभीच्या, सगळ्या ७८ ला कोरलेल्या नाहीत; कोणी थोडी संथ, कोणी थोडी जलद. स्नेही अखेर आपला संच घेण्यापूर्वी एका रविवारी आमच्याकडे आले. आम्ही वडिलांच्या तबकड्यांतले एक नाट्यगीत लावले. ते लहानपणापासून आमच्या कानांत बसलेले. गायकाचा आवाज किंचित उतावळा, किंचित पातळ, आणि तीच त्याची खासियत असे आम्ही समजत आलो होतो. स्नेह्यांनी पेटी पुढे ओढली आणि पट्टी शोधू लागले. सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मध्ये, कुठेच बसेना. साथीला तर ऑर्गन ऐकू येत होता, आणि ऑर्गनला असे अधांतरी राहता येत नाही. (तो ऑर्गन आमच्या पेटीशी जुळलेला होता याची हमी अर्थात कोणी द्यावी?) आम्ही गती कमी करत गेलो. ७६ च्या आसपास ऑर्गन पांढरी पाचवर येऊन टेकला. गळा भरला, उतावळेपणा गेला, आणि चाळीस वर्षे ओळखीचा वाटलेला तो गायक आम्हांला कोणी दुसराच वाटू लागला. स्नेह्यांनी पेटी मिटली. "याच्या मागची बाजू लावा," ते म्हणाले, आणि आम्ही तबकडी उलटली.